साठ दिवसांच्या कुलपात अडकलेले नाव

मी, आदिती तात्यासाहेब चौगुले, वय ४४, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय वेबसाइट तयार करून देणे, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हा कागद माझ्या इच्छेने करते आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट आईने आणि बहिणीने करू नकोस असेच सांगितले. माझे मन ठिकाणावर आहे. हे वाक्य वकिलांच्या नमुन्यात होतेच, पण खात्री केल्याशिवाय त्याखाली सही करणे मला जमेना, म्हणून पहिले कलम त्याबद्दलच आहे.

१. माझ्या मेंदूच्या आवरणावर एक गाठ आहे. ती वाईट जातीची नसावी असे सर्जन म्हणतात, पण तिने बसायला जागा वाईट निवडली आहे. शब्द जिथून येतात त्याच्या अगदी लगत. ऑपरेशन २० नोव्हेंबरला आहे. हल्ली एखादा ओळखीचा शब्द मला सापडत नाही. परवा मी आईकडे झारा मागत होते आणि ‘ते भोकांचे’ यापुढे मला जाता येईना. अशा बाईचे मन शाबूत म्हणावे का, हे मी डॉ. मोना शेटे यांना विचारले. त्या आमच्या घरच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, “झारा कशाला हवा होता हे माहीत होतं ना? मग मन शाबूत आहे. शब्दाचं नंतर बघू.” त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

२. या कागदाची अंमलबजावणी माझी भाची अनुजा हिने करावी. तिला कंटाळा येईल. तो येऊ द्यावा, पण कागद शेवटपर्यंत वाचावा. कलम ७ आणि ८ तर दोनदा वाचावीत.

३. राजारामपुरीतला फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. आई, श्रीमती पद्मावती, हयात असेपर्यंत तिने तिथेच राहावे आणि तिला तिथून कोणी हलवू नये, गोड बोलूनसुद्धा नाही. तिच्यानंतर तो अनुजाचा. हे कलम मी आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “मी आधी जायचं, तर तू कागद करतीस व्हय? रांगेत उभं राहायला शिकवलं न्हाय का तुला?” आईने मला माफ करावे. रांग मी लावलेली नाही.

४. बँकेतल्या ठेवींवर आईचे नाव वारस म्हणून लावलेले आहे, ते तसेच राहील. आजीचा साज बहिणीला द्यावा. तिने तो मोडून नवीन काही करू नये असे मला वाटते, पण मेल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात काय असावे हे ठरवण्याचा हक्क मला आहे का, याबद्दल शंका आहे. म्हणून ही अट नाही, नुसती इच्छा आहे.

५. लॅपटॉप अनुजाला. डायऱ्या कोणालाच नाहीत. त्या न वाचता, रद्दीतही न घालता, पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करावा. मी त्यांत कोणाबद्दल वाईट लिहिलेले नाही, स्वतःबद्दलच लिहिले आहे, आणि ते वाचून कोणाचे काही भले होणार नाही.

माझी कामाची खुर्ची ॲड. विजयसिंह इंगवले यांच्या कार्यालयाला द्यावी. त्यांच्याकडची पक्षकारांची खुर्ची डुगडुगते आणि माणूस आधीच हादरलेला असतो. हे कलम लिहून घेताना ते म्हणाले, “मॅडम, मग मला साक्षीदार म्हणून सही करता यायची न्हाय. ज्याला काय मिळतंय त्यानं साक्षीला बसू नये. कायदा आडवा येईल असं न्हाय, पण उद्या कोण बोट दाखवलं तर? आमच्या हापिसात आम्ही हे पाळतो.” मी म्हटले, खुर्ची काढून टाकू का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “राहू द्या. साक्षीदार दुसरा बघा.”

वडिलांचे पितळी कुलूप मी टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवते. ते शिरोळच्या घराचे. वडील दाराला ते लावून तीनदा ओढून बघत, आणि स्टँडवर पोचल्यावर चौथ्यांदा बघायला परत येत. कोल्हापूरच्या किती गाड्या आमच्या अशा चुकल्या असतील. मी त्यांच्यावर गेले आहे. कुलूप बहिणीकडे द्यावे. ती त्यांच्यावर गेलेली नाही, म्हणून तिच्याकडे सुरक्षित राहील.

६. माझे पूर्वीचे पती श्री. जिनेश अवटी यांना या कागदाने काही मिळत नाही. त्यांचाही माझ्याकडून काही घेण्याचा विचार नसावा. माझी त्यांच्यावर एकच तक्रार शिल्लक आहे. मी कोणतेही काम दोनदा तपासते याला ते चारचौघांत “हिचा चिकटपणा” म्हणत. तक्रार मी मागे घेत नाही. मात्र आज मी ज्या पेचात आहे तो त्याच चिकटपणामुळे आहे, हेही मला लिहिले पाहिजे.

कौटुंबिक न्यायालयात आमचा अर्ज दाखल झाल्यावर आम्हाला फेरविचारासाठी सहा महिने दिले होते. आम्ही दोघांनीही फेरविचार केला नाही. त्या महिन्यांत आम्ही एकमेकांचे नव्हतो आणि मोकळेही नव्हतो. कोणीतरी सद्हेतूने आपल्याला कोंडून ठेवते तेव्हा रागवायचे कोणावर, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आताही कळत नाही.

७. आता मुख्य गोष्ट.

मुरगूडच्या सौ. हाफिजा लालासाब शिकलगार कांदा-लसूण चटणी करतात. त्यांना मी हाफिजाभाभी म्हणते. ‘हाफिजा चटणी’ ही त्यांची वेबसाइट मी दहा वर्षांपूर्वी केली. आमच्या जैन घरात कांदा-लसूण येत नाही, त्यामुळे ज्या चटणीचे मी पानभर वर्णन लिहिले ती मी कधी चाखलेली नाही. “तू खात न्हाईस, मग लिहितीस कशी?” असे भाभींनी तेव्हा विचारले होते. मी म्हटले, तुम्ही सांगा, मी लिहिते. त्यांनी डोळे मिटून सांगितले, “पयल्यांदा गोड लागती. मग कानात पोचती.” ते वाक्य मी जसेच्या तसे टाकले. पुण्याचे आणि मस्कतचे ग्राहक आजही ऑर्डर देताना तेच वाक्य लिहून पाठवतात. दर दिवाळीला भाभी माझ्याकडे दोन बरण्या पाठवतात. मी त्या वॉचमनला देते हे त्यांना माहीत आहे. “म्हणून तर दोन देते,” असे त्या म्हणतात.

वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कायमचे विकत मिळत नाही. एखाद्या कंपनीकडे ठरावीक मुदतीसाठी कोणाच्या तरी नावावर नोंदवावे लागते. नोंदवायच्या दिवशी भाभींकडे ना ईमेल होते ना कार्ड. मी म्हटले, आपण आधी तुमचे ईमेल काढू. त्या म्हणाल्या, “तुझ्याच नावावर घे की. तू कुठं पळून जातीस?” आमच्याकडे असेच चालते. दुकानाची पाटी स्वतःच्या नावाची आणि तिची नोंद घरच्यासारख्या माणसाच्या नावाची. मी त्यांना घरची वाटले याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी नको म्हणाले नाही. खाते मात्र जिनेशच्या फर्ममधून उघडलेले होते, म्हणजे माझे नाव आदिती जिनेश अवटी आणि फोन नंबर जिनेशचा.

माझे वडील तात्यासाहेब यांनी परिग्रहाचे परिमाण घेतले होते. आपल्या मालकीचे किती असावे याची मर्यादा ठरवून ते तेवढ्यातच राहत. नवीन धोतर आले की जुने कोणाला तरी जाई. घटस्फोटानंतर मला त्यांचा हिशोब आठवू लागला. दुसऱ्याचे नाव माझ्या नावावर आहे, ते माझ्या परिग्रहात धरायचे का? धरले तर ते माझ्याकडे का आहे? नाही धरले तर मी ते परत का देत नाही? म्हणून या उन्हाळ्यात मी सगळ्या ग्राहकांची नावे ज्याची त्याला देऊन टाकली. ती कामे मी घाईत केली आणि ती सुरळीत झाली. भाभींचे शेवटी ठेवले, कारण ते मला सर्वांत जपून करायचे होते.

त्यातच गाठ निघाली. विजयसिंह म्हणाले, “सगळीकडं एकच नाव पाहिजे, मॅडम. न्हायतर उद्या तुम्ही म्हंजे तुम्हीच हाय का, हेच शाबित करत बसतील लोकं.” मला ते पटले. भाभींचे डोमेन जिनेशच्या खात्यातून काढून आधी माझ्या आताच्या, म्हणजे माहेरच्या नावावर आणि माझ्या फोन नंबरवर करावे, मग दुसऱ्या कंपनीत भाभींच्या स्वतःच्या खात्यात पाठवावे, असे मी ठरवले. १० ऑक्टोबरला मी जिनेशला फोन केला, कारण बदलाला परवानगी देणारा कोड त्याच्या फोनवर जाणार होता. त्याने तो हळूहळू वाचून दाखवला, पुन्हा एकदा वाचला, आणि म्हणाला, “बघ, मी पण दोनदा सांगितला.” हे त्याच्या बाजूने नोंदवते.

नाव बदलण्याच्या पानावर तळाशी एक लहान चौकोन होता. मालकाचे नाव बदलल्यावर साठ दिवस हे डोमेन कुलूपबंद राहील, ते दुसरीकडे नेता येणार नाही, हे संरक्षण नको असल्यास येथे खूण करा. मी ते तीनदा वाचले. संरक्षण नको असे कोण म्हणेल? दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना कुलूप असलेले बरे, असा मी विचार केला. वडील असते तर त्यांनीही तेच केले असते. मी खूण केली नाही. मनातल्या मनात कुलूप ओढून बघितले, घट्ट लागले होते.

ते ९ डिसेंबरला उघडेल. ऑपरेशन त्याच्या आधी आहे.

मी कंपनीला ईमेल केले, मग फोन केला. ज्या बाई बोलल्या त्या फार नम्र होत्या.

“नाव कोणी चोरून नेऊ नये म्हणून ही सोय आहे, मॅडम.”

“पण मालक मीच आहे आणि मीच देते आहे.”

“चोरही असंच म्हणतात, मॅडम.”

मी विचारले, निदान तुमच्याच कंपनीत तरी मालक बदलता येईल का? या काळात तेही नाही, असे त्या म्हणाल्या. मी ऑपरेशनचे सांगितले, हॉस्पिटलचे कागद पाठवते म्हटले. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, “ऑपरेशन थोडं पुढे नाही का ढकलता येणार?”

माझा कबुलीचा भाग हा, की मी ते विचारून पाहिले. सर्जनना म्हटले, डिसेंबरच्या दहा तारखेनंतर चालेल का? त्यांनी विचारले, घरात काही कार्य आहे का? मी म्हटले, नाही, एक कुलूप उघडायचे आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला आज वार कोणता ते विचारले. वार मी बरोबर सांगितला. ऑपरेशनची तारीख बदलली नाही.

भाभींचे काय अडले आहे तेही लिहिते. दुकानांची एक मोठी साखळी जानेवारीपासून त्यांची चटणी घेणार आहे. वेबसाइट विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर असल्याचा कागद त्यांना डिसेंबरअखेर हवा आहे. भाभींनी त्या भरवशावर मिरची भरली आहे आणि शेजारच्या तानाबाईंना व आणखी दोघींना कायमचे कामावर घेतले आहे. मी गेले तर माझ्या वारसांना कोर्टाचे कागद काढून कंपनीला पाठवावे लागतील, आणि त्याला किती महिने लागतील हे कोणी सांगत नाही. डोमेनची मुदत मी वाढवून ठेवली आहे. म्हणजे ते नाव मरणार नाही. ते फक्त माझ्या नावाखाली पडून राहील आणि त्याखालून त्याला कोणालाच काढता येणार नाही.

८. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे विजयसिंहांचे मत आहे. तरी मी ते ठेवते.

गेले तीन आठवडे मला मरणाची तितकी भीती वाटलेली नाही जितकी मधल्या जागेची वाटते. मी जगले, पण शब्द गेले, तर? मृत्युपत्र मी मेल्याशिवाय लागू होत नाही. अनुजाला मुखत्यारपत्र करून दिले तर माझे मनच ठिकाणावर नसताना ते चालत नाही. म्हणजे मी पलंगावर बसलेली असेन, आई भरवत असेल, फोनवर कंपनीचा कोड येईल आणि मी त्याच्याकडे ‘ते आकड्यांचे’ म्हणून बघत राहीन. त्या अवस्थेसाठी कोणताही कागद नाही. मी विजयसिंहांना म्हटले, असा एखादा कागद शोधा. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही कागदात मावत न्हाई आता.”

म्हणून १९ तारखेला, दवाखान्यात जाण्याआधी, मी माझा फोन चालू सिमकार्डासह हाफिजाभाभींकडे देणार आहे. खात्याचा पासवर्ड एका पाकिटात अनुजाकडे असेल. ९ डिसेंबरला दोघींनी एकत्र बसून नाव भाभींच्या खात्यात न्यावे. मी जिवंत असो वा नसो, बोलत असो वा नसो. सिमचा रिचार्ज बंद पडू देऊ नये. माझ्या दिवसपाण्याच्या गडबडीतही हे विसरू नये.

कंपनीच्या नियमांत हे बसते का? मी नियम पुन्हा वाचले. बसत नाही. दुसऱ्याच्या हाती कोड जाऊ देऊ नये असे त्यात ठळक लिहिले आहे. मी आजवर रांग मोडलेली नाही, रिकाम्या रस्त्यावर सिग्नलही मोडलेला नाही. हा नियम मी मोडते आहे, आणि तो मोडल्याचा दोष अनुजाला किंवा भाभींना लागू नये म्हणून इथे सहीनिशी लिहून ठेवते. भाभींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “दे हिकडं. मिठाच्या बरणीत ठेवते. मीठ कोण चोरत न्हाय.” मी म्हटले, भाभी, मिठात फोन बिघडेल. त्या म्हणाल्या, “मग हळदीत ठेवते. तू ऑपरेशनचं बघ.”

९. माझे डोळे दान करावेत. बाकी जे घरात चालते ते साधेपणाने करावे. बाराव्याला माझ्याबद्दल भाषण नको.

१०. हे कलम आजच, विजयसिंहांच्या कार्यालयात बसून, वाढवले आहे.

या कागदाच्या पहिल्या मसुद्यात कलम ७ च्या शेवटी असे वाक्य होते: ‘सदर डोमेन नाव मी सौ. हाफिजा लालासाब शिकलगार यांना माझ्या पश्चात देत आहे.’ साक्षीसाठी डॉ. मोना आल्या होत्या. दुसरे साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ यायचे होते, ते आले नाहीत. हाफिजाभाभी मला सोबत म्हणून मुरगूडहून आल्या होत्या आणि डुगडुगत्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी करते की सही. मला येती.” विजयसिंह म्हणाले, “भाभी, तुम्हाला न्हाय चालत. ह्या कागदानं तुम्हाला मिळतंय.”

“काय मिळतंय?”

विजयसिंहांनी ते वाक्य वाचून दाखवले. भाभी माझ्याकडे वळल्या.

“देतीस? तुझं कवा व्हतं गं ते?”

मी कागद ओढून घेतला आणि तो शब्द पुन्हा वाचला. या वेळी शब्द सापडला होता, आणि तोच चुकीचा होता. गाठीचा यात काही संबंध नव्हता. उन्हाळ्यापासून मी स्वतःला हेच विचारत होते, परिग्रहात धरायचे की नाही, आणि शेवटी कागद करताना माझ्याच हाताने ‘देत आहे’ असे लिहिले होते. जे माझे नाही ते देण्याचा मोठेपणा मी घेत होते. भाभी पुढे म्हणाल्या, “चटणी माझी, नाव माझं, बापानं ठेवलेलं. तुझ्याकडं नुसतं ठेवलं हुतं. बरणी परत देताना कोण बक्षीसपत्र करतंय व्हय?”

डॉ. मोना खिडकीबाहेर बघत हसल्या. विजयसिंहांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “म्हंजे हे देणं न्हाय. ही कबुली हाय. मग भाभींना काय मिळतच न्हाय. वाक्य बदला, मॅडम, आणि त्यांना बसू दे साक्षीला.”

म्हणून ते वाक्य रद्द करून मी पुढीलप्रमाणे लिहिते. ‘हाफिजा चटणी’ हे डोमेन नाव माझ्या मालमत्तेचा भाग नाही आणि कधीही नव्हते. ते सौ. हाफिजा शिकलगार यांचे आहे. नोंदणीत माझे नाव आहे ते केवळ त्यांनी विश्वासाने ठेवू दिले म्हणून. माझ्या वारसांचा त्यावर कोणताही हक्क नाही. यातील कशानेही कुलूप एक दिवससुद्धा लवकर उघडणार नाही, हे मला माहीत आहे. मी अजून त्याच्या आत आहे. पण आतमध्ये जे आहे ते कोणाचे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही, आणि माझ्या मनात शंका नसण्याचे प्रसंग थोडे आहेत.

हे माझे पहिले मृत्युपत्र. याआधी केलेले दुसरे नाही. यानंतर दुसरे करावे लागले तर मला आनंदच होईल.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही)
आदिती तात्यासाहेब चौगुले

आदिती चौगुले यांनी वरील कागद वाचून, समजून, आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत खाली सह्या केल्या. साक्षीदारांनी या कागदाने आपल्याला काही मिळते किंवा कसे ते स्वतःच्या हाताने लिहावे.

साक्षीदार पहिल्या
(सही) डॉ. मोना शेटे, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर
मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार दुसऱ्या
(सही) हाफिजा लालासाब शिकलगार, राहणार मुरगूड, ता. कागल
मला ह्या कागदानं काय बी मिळत न्हाय. नाव माझंच हाय.